नाकातील पेशी वाचायला शिकताना

लातूरच्या प्रयोगशाळेत रुजू होऊन आपण नाकातील पेशींची तपासणी शिकत आहात, हे वाचून आनंद झाला. सुरुवातीस सारे लक्ष नमुन्यावर द्या. शिंकरलेल्या शेंबडात बऱ्याच पेशी खराब झालेल्या असतात; म्हणून डॉक्टरांनी खालच्या टर्बिनेटच्या (नाकाच्या बाजूच्या भिंतीवरील हाडाच्या उंचवट्याच्या) मधल्या भागावरून अलगद खरवडलेला नमुना मागा, तो काचपट्टीवर पातळ पसरा आणि हवेत पूर्ण वाळू द्या. मे महिन्यात आपल्याकडे हे झटपट होते, पावसाळ्यात मात्र धीर धरावा लागतो.

नवशिक्यांच्या चुका बहुधा ठरलेल्या असतात:

- रंगाचे जांभळे कण जिवाणू समजणे. गिम्सा हा पेशी रंगवण्याचा रंग गाळूनच वापरा.
- सूक्ष्मदर्शकातील दोन-चार क्षेत्रे (एका वेळी दिसणारे भाग) पाहून अहवाल लिहिणे. १००० पट वर्धनाखाली किमान ५० क्षेत्रे पाहावीत.
- इओसिनोफिल (एक प्रकारची पांढरी पेशी) दिसताच ‘ॲलर्जी’ लिहिणे. दोन पाळ्यांचे केंद्रक आणि नारिंगी कण ओळखता आले, हे उत्तमच. परंतु ॲलर्जीची चाचणी नकारात्मक असलेल्या काही रुग्णांतही या पेशी वाढतात, आणि स्टेरॉइडच्या फवाऱ्याने त्या घटतात. तुरीच्या राशीच्या धुळीत शिंकत आलेल्या रुग्णालाही औषधे आधी विचारा.

मास्ट पेशी (ॲलर्जीत हिस्टामिन सोडणाऱ्या पेशी) व बायोफिल्म (जिवाणूंचा चिकट थर) यांकडे पहिल्या शंभर काचपट्ट्यांनंतर वळा.