पाईप एक, केबल अनेक

प्रश्न : आमची डोंबिवलीत चार इमारतींची सोसायटी आहे. आतला रस्ता काँक्रीटचा करताना गेटच्या केबिनपासून शेवटच्या इमारतीपर्यंत सुमारे 60 मीटर लांबीचा, 120 मिलिमीटरचा कोरुगेटेड (बाहेरून वळ्यावळ्यांचा) प्लास्टिकचा पाईप खाली टाकून ठेवला होता. सध्या त्यात फक्त इंटरकॉमची केबल आहे. आता कॅमेऱ्यांची केबल, दोन इंटरनेट कंपन्यांच्या केबल आणि बोअरच्या पंपाची थ्री फेज केबल न्यायची आहे. इलेक्ट्रिशियन म्हणतो, ‘पाईपात आतून कप्पे करू, मग सगळं चालतं.’ खरंच चालतं का? — सोसायटीची चिटणीस

उत्तर : ताई, कप्पे जरूर करा. पण पंपाची केबल त्या पाईपात घालू नका, कप्पा केला तरी नाही.

मी 28 वर्षं केबल टाकण्याच्या कामांवर उभा राहिलोय, आणि या एका मुद्द्यावर माझं अनेकांशी वाजलंय. ‘प्लास्टिकचा कप्पा आहे ना मध्ये’ असं लोक म्हणतात. पंपाच्या केबलला जमिनीत कुठे शॉर्ट झाला तर तिथे जी ठिणगी उडते, तिच्यापुढे प्लास्टिकचा कप्पा मेणासारखा वितळतो. पंप जातो, त्याच्याबरोबर इंटरकॉम, कॅमेरे, इंटरनेट सगळं एका फटक्यात जातं. पण माझी खरी काळजी वेगळी आहे. दोन वर्षांनी इंटरनेट कंपनीचा एखादा विशीतला मुलगा चेंबरचं झाकण उघडेल, गुडघाभर पाण्यात हात घालून आपली केबल चाचपडेल. त्या पाण्यात 415 व्होल्टची, कातडं सोललेली केबल असेल हे त्याला कोण सांगणार? म्हणून पाईप वेगळा, आणि चेंबरही वेगळं.

वीज आणि संदेशाच्या केबलमध्ये किमान 300 मिलिमीटर अंतर हवं, असं आपल्याकडची आयएस 1255 ही संहिता सांगते. पंपाच्या केबलसाठी रस्त्याकडेच्या बागेच्या मातीतून वेगळा चर खणा, 750 मिलिमीटरपेक्षा उथळ नको. खाली वाळू, वाळूत केबल, वर पुन्हा वाळू, त्यावर विटा आणि मग माती. मातीच्या मधल्या थरात इशाऱ्याची पट्टी घाला, म्हणजे पुढे कुदळ मारणाऱ्याला आधी पट्टी दिसेल. रस्ता ओलांडायचाच असेल तर काटकोनात, सर्वांत कमी रुंदीच्या जागी ओलांडा.

आता तुमच्या पाईपाकडे येऊ. 120 हे बाहेरचं माप, आतून तो 103 मिलिमीटर भरतो. कप्पे म्हणजे याच्या आत घातलेले बारीक पाईप. फायबरसाठी (काचेच्या तंतूंच्या केबलसाठी) मिळणारा पीएलबी पाईप बाहेरून 40 आणि आतून 33 मिलिमीटर असतो, आतली भिंत मुळातच गुळगुळीत, वंगण मिसळलेली. असे तीन पाईप एकमेकांना चिकटून ठेवले तर त्यांना 86 मिलिमीटरचं वर्तुळ पुरतं, म्हणजे तुमच्याकडे थोडी मोकळीक उरते. चौथा घातला की हे वर्तुळ 97 च्या जवळ जातं. कागदावर बसतं. पण जमिनीखालचा पाईप कागदासारखा सरळ नसतो. कुठे दबलेला, कुठे वळलेला, कुठे गाळ बसलेला. कंत्राटदाराने चौथ्याचा आग्रह धरला तरी तीनच घाला.

तीनही पाईप एकाच वेळी ओढायचे, एकामागून एक नाही. आणि ओढून झाल्या झाल्या टोकं कापू नका. ताणाने हा पाईप थोडा लांबतो आणि नंतर आखडतो. लगेच कापलात तर दुसऱ्या दिवशी टोक पाईपाच्या आत गेलेलं दिसेल. एक दिवस जाऊ द्या, मग कापा.

पहिल्यात इंटरकॉम आणि कॅमेऱ्यांची केबल, कारण त्या तुमच्या स्वतःच्या. दुसऱ्यात दोन्ही इंटरनेट कंपन्यांच्या केबल, पण त्या एकाच दिवशी, एकत्र ओढून घ्या. तिसरा रिकामा. हा रिकामा पाईप सभेत कोणीतरी ‘वाया गेला’ म्हणेल, त्याला ठाम नकार द्या. त्यात नायलॉनची दोरी घालून दोन्ही टोकांना बूच मारा. कॅमेऱ्यांसाठी तांब्याच्या केबलऐवजी फायबर घ्या असं मी सुचवेन. 60 मीटरला तांब्याची चालते, पण इमारतीतून इमारतीत जाताना पावसाळ्यातली वीज तांब्यावरून थेट तुमच्या यंत्रापर्यंत पोचते.

राहिली जुनी इंटरकॉमची केबल. ती आत ठेवून तिच्या अंगावरून काही ओढू नका. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका कारखान्याच्या आवारात टेलिफोनच्या केबलवरून मी दुसरी केबल नायलॉनच्या दोरीने ओढून घेतली होती. घाई होती, डक्ट एकच होता. वळणावर ती दोरी खालच्या केबलवर करवतीसारखी चालली. त्या दिवशी काहीच कळलं नाही, फोन नीट वाजत होते. पावसाळा आला, कापल्या जागेतून पाणी शिरलं आणि फोनमधून नुसती खरखर. केबल बाहेर काढली तेव्हा दिसलं, बोटभर लांब खाच, अगदी सुरीने पाडल्यासारखी. ती खाच अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

त्यामुळे तुमच्या जुन्या केबलच्या शेपटीला मजबूत दोरी बांधा आणि दुसऱ्या टोकाने केबल बाहेर काढा. केबल बाहेर, दोरी आत. नंतर नवीन इंटरकॉम केबल पहिल्या कप्प्यातून न्या. 60 मीटर केबलचा खर्च फार नाही, इंटरकॉम एखाददोन दिवस बंद राहील एवढंच. केबल निघतच नसेल तर कापडी कप्पे मिळतात: विणलेल्या पट्टीत शेजारी शेजारी तीन खिसे, प्रत्येक खिशात ओढायची फीत आधीच घातलेली. ती पट्टी चपटी असल्याने जुन्या केबलच्या बाजूने सरकते. फक्त तिच्या तोंडाशी फिरती कडी लावायला सांगा, नाहीतर आत तिला पीळ बसतो आणि तीन खिशांचा एक दोरखंड होतो.

दोन्ही टोकं बुजवायला मात्र विसरू नका. उघड्या पाईपातून गाळ येतो आणि त्याच्या मागोमाग घूस. केबलचं आवरण कुरतडायला तिला रात्र पुरते.

प्रश्न : आमच्या इचलकरंजीच्या कारखान्यात थ्री फेजच्या तीन सिंगल कोअर केबल (प्रत्येकीत एकाच फेजची तार) तीन वेगवेगळ्या लोखंडी पाईपांतून जमिनीखालून आणल्या आहेत. सुरक्षित वाटलं म्हणून वेगळ्या केल्या. पण पाईप हात लावला तर चटका बसेल इतके तापतात. केबल बदलावी का?

उत्तर : केबलचा दोष नाही, इथे वाटणीच चुकली आहे. तिन्ही फेज एकत्र असल्या की त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना जवळपास पुसून टाकतात. एकट्या फेजभोवती लोखंड आलं की ते क्षेत्र लोखंडातच खेळतं आणि लोखंड तापतं. त्या उष्णतेने आतल्या केबलचं आवरणही कडक होऊन तडकू लागतं. वीज बंद करून तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकाच पाईपात घ्या. त्या पाईपात मावत नसतील तर लोखंड काढून प्लास्टिकचे पाईप टाका. पॅनेलमध्येही बघा: तिन्ही केबल लोखंडी पत्र्याच्या तीन वेगळ्या भोकांतून आत शिरत असतील तर तो पत्राही तापत असणार. तिथे अॅल्युमिनियमचा पत्रा बसवून घ्या. आतापर्यंत तापलेल्या केबलची इन्सुलेशन चाचणी करून मगच पुन्हा लोड द्या.