सडा म्हणजे उजाड झालेले रान आहे का?

प्रश्न : मी डिचोली तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत शिकवते. पाठ्यपुस्तकातील जगाच्या बायोमच्या नकाशात गोवा उष्णकटिबंधीय मोसमी वनांच्या पट्ट्यात दाखवला आहे. परंतु आमच्या गावामागच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट माथ्यावर, गवताखेरीज काही दिसत नाही. तेथले रान तुटले असावे असे समजून येत्या जूनमध्ये मुलांच्या हातून तेथे झाडे लावून घेण्याचा आमचा विचार आहे. तो योग्य आहे का?

उत्तर : आपली तळमळ मोलाची आहे, तरीही सड्यावर झाडे लावू नयेत, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. पाठ्यपुस्तकातील नकाशा चुकीचा नाही, पण तो फार ढोबळ आहे. बायोम हवामानावरून आखले जातात : वर्षभराचे तापमान कसे असते, पाऊस किती आणि कोणत्या महिन्यांत पडतो, यांवरून टुंड्रा, तैगा, वाळवंट, सॅव्हाना, वर्षावन असे पृथ्वीचे विशाल भाग पडतात. परिसंस्था मात्र एखाद्या तळीएवढीही लहान असू शकते. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्स्ली यांनी १९३५ मध्ये ही संज्ञा मांडली, तेव्हा सजीवांच्या जोडीने त्यांच्याभोवतीची माती, पाणी आणि हवाही त्यांनी त्याच व्यवस्थेचा भाग मानली होती. म्हणूनच एकाच पावसाखाली, हाकेच्या अंतरावर, खाली घनदाट देवराई आणि वर उघडा सडा असे दोन्ही नांदू शकतात.

सड्याचे रूप ठरवतो तो जांभा. प्रदीर्घ काळच्या उष्ण आणि दमट हवामानात मूळ खडकातील सिलिका व विरघळणारे क्षार वाहून गेले, लोह आणि ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे उरली आणि त्यांचा हा कठीण थर झाला. त्यावर माती जेमतेम बोटभर. जुलैत ती पाण्याने तुडुंब भरते आणि मार्चमध्ये तोच कातळ इतका तापतो की अनवाणी उभे राहवत नाही. हे दोन्ही टोकांचे हाल सोसणाऱ्या वनस्पतीच येथे टिकतात. या मातीत नायट्रोजन फार कमी असल्यामुळे काहींनी तो किड्यांच्या शरीरातून मिळवण्याची सोय केली आहे. दवबिंदू ही वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांत कीटक पकडते. सीतेच्या आसवांच्या जांभळ्या फुलांखाली, ओल्या मातीत, बारीक पिशव्या असतात आणि त्या आपले भक्ष्य सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात आत ओढून घेतात. ऑगस्टमध्ये सड्यावर गुडघे टेकून पाहिले तर हा सारा संसार वीतभर जागेत दिसतो. टिटवी तर आपली अंडी उघड्या खड्यांतच घालते. सावली आणि पालापाचोळा वाढला की तिची जागा गेली.

आणखी एक गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. जांभा सच्छिद्र असल्यामुळे सड्यावर पडलेले पाणी त्यात मुरते, पायथ्याशी झर होऊन बाहेर येते आणि कित्येक कुळागरांतील, म्हणजे बागायतींतील, माडा-पोफळींना उन्हाळ्यात तेच मिळते. पणजीतील फोंताइनास या वाड्याचे नावही आल्तिनो टेकडीच्या पायथ्याच्या झऱ्यावरूनच पडले आहे. सड्याला पडीक म्हणणारा माणूस या पाण्याचा हिशेबच धरत नाही, याचे आम्हांला वाईट वाटते.

रोपे आणलीच असतील तर ती सड्याच्या उतारावर, जेथे मूळचे रान खरोखरच तुटले आहे आणि मातीही खोल आहे, तेथे लावावीत, आणि ती त्याच परिसरातील जातींची असावीत. झटपट वाढतो म्हणून ऑस्ट्रेलियन अकेशिया मात्र निवडू नये; त्याचा लवकर न कुजणारा पाला जमिनीवर साचतो आणि खालची गवते व फुलझाडे दडपतो.

प्रश्न : जैवविविधतेचा हॉटस्पॉट म्हणजे सर्वाधिक जाती असलेली जागा का?

उत्तर : तेवढेच नाही. ब्रिटिश पर्यावरणतज्ज्ञ नॉर्मन मायर्स यांनी १९८८ मध्ये ही कल्पना मांडली. पुढे ठरलेल्या निकषांनुसार त्या प्रदेशात अन्यत्र कोठेही न आढळणाऱ्या संवहनी (पाणी व अन्न वाहून नेणाऱ्या नलिका असलेल्या) वनस्पतींच्या किमान १,५०० जाती असाव्या लागतात आणि मूळ अधिवासापैकी किमान ७० टक्के नष्ट झालेला असावा लागतो. पश्चिम घाट आणि श्रीलंका मिळून असा एक हॉटस्पॉट होतो. सत्तरी, सांगे आणि काणकोण या तालुक्यांतील घाटाची राने त्यातच मोडतात.