सल्लामसलत, वाटाघाटी की शिष्टाई?

एका वाचकाने विचारलं आहे: म्यानमारमधल्या लष्करी उठावानंतर २४ एप्रिल २०२१ रोजी जकार्तात आसियान या आग्नेय आशियाई संघटनेतल्या देशांच्या नेत्यांची बैठक झाली. तिच्याबद्दल लिहिताना कुणी ‘वाटाघाटी’ म्हणतं, कुणी ‘सल्लामसलत’, कुणी ‘शिष्टाई’. हे समानार्थी शब्द आहेत का? आणि त्या देशाच्या संदर्भात ‘लोकशाही सुधारणा’ म्हणणं बरोबर आहे का?

समानार्थी नाहीत, आणि इथे तर शब्द चुकला की घटनाच वेगळी दिसते.

या शब्दांना कोणती क्रियापदं चालतात ते आधी पाहावं. वाटाघाटी फिसकटतात, अडतात, पुन्हा सुरू होतात. जागावाटपाच्या असोत की युद्धबंदीच्या, समोरासमोर दोन पक्ष लागतात आणि दोघांकडे सोडण्यासारखं काहीतरी असावं लागतं. सल्लामसलत फिसकटत नाही. ती ‘करून’ माणूस निर्णय घेतो, आणि तो निर्णय त्याचा त्याचाच राहतो. शिष्टाईला तिसरा माणूस हवा. ती सफल होते किंवा निष्फळ ठरते. पांडवांसाठी निदान पाच गावं तरी द्या म्हणून हस्तिनापूरला गेलेल्या कृष्णाची शिष्टाई मराठी माणसाला वेगळी सांगावी लागत नाही.

आता जकार्ताच्या टेबलाभोवती कोण होतं ते बघा. उठाव करणारे सेनाप्रमुख मिन आँग लाइंग होते. ज्यांची सत्ता १ फेब्रुवारीला हिसकावली गेली त्या आँग सान स्यू ची आणि राष्ट्राध्यक्ष विन म्यिंट कैदेत होते. उठावाला विरोध करणाऱ्यांनी १६ एप्रिलला ‘राष्ट्रीय एकता सरकार’ जाहीर केलं होतं, पण त्यांना निमंत्रण नव्हतं. भांडणातली एकच बाजू हजर असताना ‘म्यानमारप्रश्नी वाटाघाटी’ असं लिहिलं, तर दुसऱ्या बाजूलाही तिथे बोलता आलं असा वाचकाचा समज होतो. माझा मुख्य आक्षेप यालाच आहे.

सल्लामसलत हा शब्द मात्र चपखल बसतो. आसियानच्या सनदेतलं विसावं कलम सांगतं की निर्णय सल्लामसलत आणि सहमतीने घ्यायचे. तिकडे मलय भाषेत या रीतीला ‘मुशावरा’ आणि ‘मुफाकत’ म्हणतात. दोन्ही शब्द मूळचे अरबी, आणि पहिल्याचा सख्खा भाऊ म्हणजे हिंदी-उर्दूतला ‘मशवरा’. आपले ‘सल्ला’ आणि ‘मसलत’ हेही अरबीतूनच फारसीमार्गे आले. त्यांचं मूळ ‘मशवरा’पेक्षा वेगळं असलं तरी ते दोन्ही आपसांत एकाच धातूचे, आणि त्या धातूत भल्याचा, हिताचा अर्थ आहे. जुन्या मराठी कागदपत्रांत ‘मसलत’ बेत किंवा मोहीम या अर्थानेही भेटते. ‘मसलत फसली’ मध्ये तोच अर्थ उरला आहे. बंद दाराआडच्या बोलण्याला आपल्याकडे ‘खलबत’ आहेच, पण त्याला कटाचा वास येतो, म्हणून बातमीत ते जपून वापरावं.

त्या बैठकीतून पाच मुद्दे निघाले: हिंसा ताबडतोब थांबवणं, सर्व संबंधितांत संवाद, आसियान अध्यक्षांच्या विशेष दूताची मध्यस्थी, मानवतावादी मदत, आणि दूताने म्यानमारला जाऊन सर्वांना भेटणं. याला ‘पाच कलमी सहमती’ म्हणावं, ‘करार’ म्हणू नये. करार मोडला तर करार मोडला असं म्हणता येतं. इथे काय झालं? काही दिवसांतच लष्करी राजवटीने कळवलं की परिस्थिती स्थिर झाली की या ‘सूचनांचा’ काळजीपूर्वक विचार करू. नऊ देशांना जी सहमती वाटत होती, तिला यांनी सूचना करून टाकलं, आणि तिकडे माणसं मरतच राहिली.

शिष्टाई सुरू झाली ती नंतर. ब्रुनेईचे एरिवान यूसोफ ऑगस्ट २०२१ मध्ये विशेष दूत नेमले गेले. स्यू चींना भेटू दिलं जाणार नाही हे स्पष्ट झाल्यावर त्यांनी दौरा सोडून दिला, आणि ऑक्टोबरच्या शिखर परिषदेपासून आसियानने मिन आँग लाइंग यांना दूर ठेवलं. म्हणजे ‘जकार्तात सल्लामसलत झाली, दूताची शिष्टाई निष्फळ ठरली’ असं लिहिलं की घटनाक्रम नेमका उतरतो.

‘लोकशाही सुधारणा’बद्दल. २०११ नंतर राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांच्या काळात राजकीय कैदी सुटू लागले, वृत्तपत्रांवरची पूर्वतपासणी उठली. त्या काळाला ‘सुधारणा’ शोभतं, जरी २००८ च्या राज्यघटनेने संसदेतल्या २५ टक्के जागा लष्कराकडेच ठेवल्या होत्या आणि मुख्य कलमांच्या दुरुस्तीला ७५ टक्क्यांहून अधिक मतं लागत होती. पण २०२१ नंतरची मागणी नोव्हेंबर २०२० मध्ये निवडून आलेल्यांना त्यांचा कौल परत मिळण्याची आहे. तिला ‘लोकशाहीची पुनःस्थापना’ म्हणावं. विरोधकांतले अनेक जण त्याच्याही पुढे जाऊन नवी संघराज्यीय घटना मागतात. तिथे ‘पुनःस्थापना’ही अपुरा पडतो, सरळ ‘संघराज्यीय लोकशाहीची मागणी’ लिहावं.

डिसेंबर २०२१ मध्ये आपले परराष्ट्र सचिव हर्षवर्धन शृंगला म्यानमारला गेले, मिन आँग लाइंग यांना भेटले आणि स्यू चींच्या पक्षाच्या लोकांशीही बोलले. कैद्यांची सुटका आणि लोकशाहीकडे लवकर परतणं हे भारताचं म्हणणं त्यांनी मांडलं. त्याला वाटाघाटी किंवा शिष्टाई म्हणण्याइतका आधार नाही. ‘भेटीगाठी आणि चर्चा’ पुरे.