छोट्या शहरातून विमानाचं तिकीट महाग का पडतं?

तुमचा प्रश्न असा, की मोठ्या विमानतळावरून दुप्पट लांबचं तिकीट स्वस्तात मिळतं, मग छोट्या शहरातून तासाभराच्या प्रवासाला एवढे पैसे का? कंपन्या लुटतात का?

मी बरीच वर्षं तिकीट बुकिंगच्या धंद्यात काढली. लूट म्हणा हवं तर, पण भाडं किलोमीटरवर ठरत नाही. त्या मार्गावर दुसरं कोण उडतंय, ते आधी बघतात.

खर्चाचं कारण अगदीच खोटं नाही. एटीआर ७२ या छोट्या विमानात सत्तरेक सीट, ए३२० या मोठ्या विमानात १८०; वैमानिक मात्र दोन्हीकडे दोनच लागतात. साहजिकच छोट्या विमानात दर सीटमागे खर्च जास्त. पण खरी गंमत पुढे आहे. एकाच विमानातल्या सीट वेगवेगळ्या दरांच्या फेअर क्लासमध्ये वाटलेल्या असतात. समोरच्या कंपनीने दर पाडला, की बंद झालेला स्वस्त क्लास पुन्हा उघडलेला स्क्रीनवर दिसायचा. एकच कंपनी उडते त्या मार्गावर मात्र स्वस्तातल्या चार सीट गेल्या की गेल्या. आयत्या वेळी निघणारा, ऑफिसच्या खर्चाने जाणारा माणूस मागाल ते देतो, हे त्यांना पक्कं माहीत असतं.

अमेरिकेत १९९३ साली तिथल्या परिवहन खात्याने याला नावच दिलं, ‘साउथवेस्ट इफेक्ट’: साउथवेस्ट ही स्वस्त विमान कंपनी मार्गावर आली, की सगळ्यांचीच भाडी उतरतात आणि प्रवासी वाढतात. कॅन्सस राज्यातल्या विचिटाने तर २००२ मध्ये सरकारी पैसा देऊन एअरट्रॅन या स्वस्त विमान कंपनीला बोलावलं आणि भाडी उतरली. (विमानात कधी न बसणाऱ्या करदात्याने हा भार का उचलावा, हा वेगळा वाद.)

मग दुसरी कंपनी आपणहून का येत नाही? भाडं जास्त म्हणून लोक गाडी काढून मोठ्या विमानतळावर जातात, आणि कागदावर इथे प्रवासीच नाहीत असं दिसतं. एखादी आलीच, तर जुनी कंपनी लगेच दर पाडते आणि नवी कंटाळून गेली की पुन्हा चढवते.

तुम्ही एवढं करा: मोठ्या विमानतळापर्यंतचा गाडीखर्च, पार्किंग आणि वेळ धरून तुलना करा. मध्ये विमान बदलायचं असेल, तर दोन्ही उड्डाणं एकाच पीएनआरवर घ्या. वेगवेगळी तिकिटं काढलीत आणि पहिलं विमान रखडलं, तर दुसऱ्याचे पैसे बहुतेक बुडतात.