वाचकांचे प्रश्न : बंडखोरांत राहिलेल्या वार्ताहराची साक्ष

प्रश्न : मेक्सिकोतील शेतकरी क्रांतीविषयी अमेरिकन युद्धवार्ताहर जॉन रीड यांनी १९१४ साली लिहिलेले पुस्तक मी दादरच्या एका ग्रंथालयातून आणून वाचले. लेखक उघडपणे बंडखोरांच्या बाजूचा आहे. अशा लेखनावर कितपत विश्वास ठेवावा?
— एक वाचक, लालबाग, मुंबई

उत्तर : तारखांसाठी त्यावर विसंबू नये, पुस्तक रचताना रीड यांनी अनुभवांचा क्रम मागेपुढे केला, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. मात्र बंडात उतरलेली माणसे कशी राहत होती आणि कशाच्या आशेने मरायला निघाली होती, याबाबत इतका जवळचा साक्षीदार विरळाच. सव्वीस वर्षांचे रीड उत्तर मेक्सिकोतील दुरांगो भागात बंडखोर जनरल उर्बिना यांच्या घोडेस्वारांबरोबर राहिले, आणि ला कादेना येथे शत्रूने तुकडीची दाणादाण उडवली तेव्हा जीव मुठीत धरून वाळवंटातून पळाले. तो पळ त्यांनी लपवलेला नाही. पुढे मार्च १९१४ मध्ये बंडखोरांचे सेनापती पांचो व्हिया यांचे सैन्य तोर्रेओन शहरावर चालून गेले, तेव्हा मालगाडीच्या टपांवर चुली मांडून मक्याच्या भाकऱ्या भाजणाऱ्या बायका त्यांनी पाहिल्या. सेनापतींच्या अहवालांत या बायकांना जागा नसते.

पक्षपाताचे म्हणाल, तर मेक्सिकोत जमीनदाराच्याच दुकानातील उधारी कधी फिटत नसे आणि त्यापायी मजूर मळ्याला जखडला जाई. हे पाहून ज्याला चीड आली, त्याची साक्ष केवळ त्या कारणाने मी बाद करणार नाही. आपल्याकडे मुंबईपासून फार दूर नसलेल्या डहाणू-तलासरी भागात लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी वारली नवराबायको जमीनदाराकडे राबत; त्यांना लग्नगडी म्हणत. १९४५ साली वारली उठले, आणि ती हकिकत लिहिली त्या लढ्याचे नेतृत्व करणाऱ्या गोदावरी परुळेकर यांनीच. त्या तटस्थ नव्हत्या, तरीही लग्नगडी कसा जगतो हे मला त्यांच्या लेखनातूनच कळले.

रीड यांची खरी उणीव मला वेगळीच वाटते. ते उत्तरेत फिरले. व्हियांच्या फौजेत शेतमजुरांबरोबर गुराखी आणि खाणकामगारही पुष्कळ होते. दक्षिणेत मोरेलोसमध्ये शेतकऱ्यांचे बंडखोर नेते एमिलियानो सापाता यांनी नोव्हेंबर १९११ च्या ‘आयाला योजना’ या जाहीरनाम्यात गावांच्या बळकावलेल्या जमिनी परत मागितल्या होत्या, आणि शेतकऱ्यांची ती लढाई रीड यांनी डोळ्यांनी पाहिली नाही. व्हियांच्या फरारी पूर्वायुष्याचे प्रकरणही ऐकीव कथांवरच उभे आहे, तेव्हा ते तसेच समजून वाचावे.