फोटोतली इमारत मागे का कलते?

प्रश्न : ओव्हल मैदानाच्या कडेने राजाबाई टॉवरचा फोटो काढला. टॉवर मागे रेलल्यासारखा दिसतो. लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सरळ केला, तर घड्याळाची तबकडी चपटी झाली. २४ मिमी लेन्स सदोष आहे का? (वाचक, गिरगाव)

उत्तर : लेन्स ठीक आहे. टोक मावावं म्हणून तुम्ही कॅमेरा वर कलवलात. कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा सेन्सर भिंतीला समांतर राहिला नाही, की वरचा भाग लहान उमटतो. फुल फ्रेम (३६ × २४ मिमीचा सेन्सर), आडवी चौकट आणि २४ मिमी लेन्स असताना १० अंश कलवलं, तर चौकटीच्या वरच्या कडेला भिंत खालच्या कडेच्या सुमारे ८४ टक्के रुंद येते; २० अंशांना ६९ टक्के. ही तूट सॉफ्टवेअर पिक्सेल ताणून भरतं, म्हणून वरचं कोरीवकाम मऊ पडतं.

त्यापेक्षा मागे सरका. टॉवर ८५ मीटर उंच आहे. कॅमेरा उभ्या चौकटीत आणि समतल धरला, तर या लेन्समध्ये डोळ्यांच्या पातळीच्या वर, अंतराच्या पाऊणपट उंची मावते. १११ मीटरवर टोक जेमतेम बसतं; पायथ्यापासून १२५ मीटरवर, मैदानात, उभे राहा. खालच्या अर्ध्या चौकटीत नुसतं मैदान येईल, ते नंतर कापा. काही मेगापिक्सेल जातील, पण टॉवर जसाच्या तसा मिळेल. मैदानाकडची बाजू पश्चिमेची असल्याने दुपारनंतर जा.

काढलेल्या फोटोसाठी क्रम महत्त्वाचा. आधी लाइटरूममधलं लेन्स प्रोफाइल (लेन्समुळे वाकलेल्या रेषा सरळ करणारी तयार दुरुस्ती) लावा, कारण वाकलेल्या रेषेवर सरळ रेघ बसत नाही. मग ‘ट्रान्सफॉर्म’मध्ये ‘गाइडेड’ निवडून दोन उभ्या रेघा एकमेकींपासून शक्य तितक्या लांब टाका. खालच्या चौकोनी भागाचे कोपरे घ्या. वरचा भाग मुळातच निमुळता आहे, तिथे रेघ टाकली तर टॉवर फुगतो. तबकडी चपटी झाली, कारण वरची बाजू रुंदावली पण कलामुळे दबलेली उंची परत आली नाही. ‘ॲस्पेक्ट’ स्लायडरने तबकडी गोल होईपर्यंत उंची वाढवा. फोटो अगदी समोरून असेल तरच ही खूण चालते.

प्रश्न : छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या भिंती सरळ झाल्या, पण घुमट अंड्यासारखा ताणला गेला. (वाचक, ठाणे)

उत्तर : भिंत सपाट असते, घुमट नसतो. सरळ केलेल्या चित्रात दृष्टीच्या पातळीपासून ४० अंश वर असलेली गोल वस्तू सुमारे ३० टक्के लांबट दिसते, २५ अंशांवर फक्त १० टक्के. म्हणजे इथेही अंतरच उपयोगी. शिवाय जवळून पाहताना घुमटाचा खालचा भाग दर्शनी भिंतीआड जातो. तो कुठल्याही स्लायडरने परत येत नाही, कारण तुम्ही कुठे उभे होतात ते सॉफ्टवेअर बदलू शकत नाही. जवळूनच काढावा लागला, तर दुरुस्ती पुरती करू नका, थोडा कल राहू द्या. खालून पाहताना डोळ्याला तो अपेक्षितच असतो, आणि शंभर टक्के सरळ केलेली उंच इमारत डोक्याकडे जड वाटते.

प्रश्न : चाळीच्या अरुंद गल्लीत मागे सरकायला जागाच नाही, आणि हाती फक्त मोबाइल. (वाचक, लालबाग)

उत्तर : समोरच्या इमारतीतल्या कोणाला तरी विनंती करा आणि मधल्या मजल्याच्या गॅलरीतून, समतल धरून काढा. अर्ध्या उंचीवरून वर आणि खाली सारखंच दिसतं, कलवावं लागत नाही. कॅमेऱ्याची ग्रिड (पडद्यावरच्या उभ्या-आडव्या रेघा) सुरू ठेवा. दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडा. सरळ करताना कडा कातरल्या जातात. स्नॅपसीडच्या ‘पर्स्पेक्टिव्ह’मध्ये रिकामे कोपरे ॲपला भरू देऊ नका, ते नसलेली भिंत तयार करतं, तेवढा भाग कापा. जुन्या चाळींचे लाकडी खांब खरोखरच कललेले असू शकतात, म्हणून खूण धरायची ती दगडी कोपऱ्याची किंवा खिडकीच्या चौकटीची, आणि दोन-तीन ठिकाणी ताडून पाहून.