प्रिसिजन रायफलसाठी कस्टम बोल्ट अ‍ॅक्शन कोणती घ्यावी?

तुमचा मावसभाऊ टेक्सासात ६.५ क्रीडमूर या काडतुसाची रायफल जुळवतोय. अ‍ॅक्शन म्हणजे बॅरल जिच्यात आट्यांनी बसते तो रिसीव्हर, आणि त्यात मागेपुढे सरकून काडतूस आत कोंडणारा बोल्ट. त्याच्या यादीत जुनी रेमिंग्टन ७००, झर्मॅट कंपनीची ओरिजिन आणि डिफायन्स कंपनीची एक अ‍ॅक्शन आहे. आणि तशीच एक तुम्हाला इथे, हिंगण्याच्या एखाद्या वर्कशॉपमधून, बसवून घ्यायची आहे.

दुसरं आधी. सोडा तो विचार, भाऊ. आपल्याकडे शस्त्राचा सुटा भागही कायद्याने शस्त्रच आहे. परवान्याशिवाय शस्त्र बनवणं किंवा त्यात बदल करणं शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ मध्ये येतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान ७ वर्षांची शिक्षा आहे. एमआयडीसीतल्या लेथवाल्याला, तो कितीही ओळखीचा असो, या लफड्यात ओढू नका.

आता भावाचं. माझं आयुष्य टूलरूममध्ये गेलं. मुलाकडे कोलोरॅडोला गेलो की त्याच्या रायफली उघडून बघणं हाच माझा उद्योग.

नेम कोणती अ‍ॅक्शन चांगला लावते, असं भाऊ विचारत असेल तर प्रश्नच चुकला. नेम मुख्यतः बॅरल आणि काडतुसावर. आणि बॅरल झिजते. ६.५ क्रीडमूरची साधारण २,००० ते ३,००० गोळ्यांत उतरणीला लागते. स्पर्धा खेळणारा ती बदलतच राहतो, अ‍ॅक्शन मात्र तीच राहते. म्हणून बघायचं ते हे, की बॅरल बदलणं किती सोपं आहे.

रेमिंग्टन ७०० १९६२ ची. कारखान्यातून आलेली अ‍ॅक्शन खरी, म्हणजे एका रेषेत काटेकोर, करायची तर रिसीव्हरचं तोंड, लगच्या (बोल्टला रिसीव्हरमध्ये अडकवणाऱ्या दातांच्या) बैठका आणि आटे पुन्हा मशीन करणं आलं. शिवाय दर नव्या बॅरलला हेडस्पेस (बोल्टच्या तोंडापासून काडतूस आत जिथे टेकतं तिथपर्यंतचं अंतर) जुळवायला रायफल गनस्मिथकडे. या सगळ्याची मजुरी धरली तर ‘स्वस्त’ रेमिंग्टन स्वस्त राहत नाही. ओरिजिनसारख्या अ‍ॅक्शनची मापं इतकी आवळलेली असतात की बॅरलवाला अ‍ॅक्शन न बघताच शोल्डर केलेली (रिसीव्हरला टेकायची पायरी असलेली) प्रीफिट, म्हणजे आधीच मापात केलेली, बॅरल कापून पाठवतो. घरी व्हाइस, अ‍ॅक्शन रेंच आणि हेडस्पेस तपासायचे गो, नो-गो गेज असले की झालं. गेज मात्र लावायचेच. हेडस्पेस चुकलं तर काडतुसाची केस फाटून गॅस थेट तोंडावर येऊ शकतो.

ओरिजिनचं बोल्ट हेड, म्हणजे काडतुसाचं बूड धरणारं बोल्टचं टोक, सुटं निघतं. क्रीडमूरसाठी ०.४७३ इंचाचं, उद्या सरावाला स्वस्तातल्या .२२३ काडतुसाची हवी झाली तर ०.३७८ चं. बॅरल आणि मॅगझिन अर्थात वेगळं.

बोल्टच्या लगवरून लोक फार भांडतात. दोन लग असले की हँडल साधारण ९० अंश उचलायचं, तीन असले की ६०. साठवाल्यात हाताला स्कोपखाली जागा मिळते, पण स्प्रिंग तेवढ्याच कमी फेऱ्यात दाबायची असल्याने उचलायला जड जातं. पालथं झोपून, रायफल बॅगवर ठेवून, बोल्ट उचलून बघावा. प्रत्येक वेळी क्रॉसहेअर निशाणावरून ढळत असेल तर ती अ‍ॅक्शन आपली नाही. हे कागदावर कळत नाही.

डिफायन्स हातात घेतली की सोडवत नाही, लोण्यासारखी चालते. तरी मी ओरिजिनच सांगेन, आणि वाचलेल्या पैशांत दुसरी बॅरल. दोन्ही रेमिंग्टन ७०० च्या ठशावर (बाहेरची मापं आणि स्क्रूच्या जागा) बेतलेल्या आहेत, त्यामुळे ट्रिगर आणि चेसिस (अ‍ॅक्शन जिच्यात बसते तो सांगाडा) बाजारात भरपूर मिळतात. ऑर्डर देण्याआधी चेसिसवाल्याला अ‍ॅक्शनचं नाव सांगून विचारावं. बोल्ट स्टॉपपाशी, म्हणजे बोल्टला मागे अडवणाऱ्या खटक्यापाशी, कधीकधी थोडं घासावं लागतं.

त्याच ठशाची .२२ रिमफायर (छोट्या काडतुसाची) अ‍ॅक्शनही झर्मॅट बनवते, रिमएक्स नावाची. म्हणजे सराव आणि स्पर्धा एकाच चेसिसवर. पहिल्या वर्षी त्याने तीच घेतली तरी माझी हरकत नाही.